संत डन्स्टन: सुधारक की राजाचा माणूस?

जुनाबाड
कँटरबरीचा आर्चबिशप डन्स्टन (मृत्यू १९ मे ९८८) म्हटलं की दोनच गोष्टी सांगतात. तापलेल्या सांडशीने त्याने सैतानाचं नाक धरलं आणि इंग्लंडच्या मोडकळीला आलेल्या मठांना त्याने पुन्हा उभं केलं. सांडशीचं सोडा. दुसऱ्या गोष्टीबद्दल मला बोलायचंय.

ग्लास्टनबरीचा मठाधिपती असताना त्याने भिक्षूंना संत बेनेडिक्टच्या मठनियमांची शिस्त लावली, हे कबूल. पण पुढचं बघा. ९५७ मध्ये राज्य दोघा भावांत वाटलं गेलं. धाकट्या एडगरने त्याला परागंदा अवस्थेतून बोलावून वूस्टरचं बिशपपद दिलं, मग लंडनचंही. दोन्ही एकाच वेळी! ९५९ मध्ये थोरला एडविग वारला. कँटरबरीला बिर्टहेल्म नावाचा बिशप नेमलेला होता, त्याला एडगरने जुन्या जागी परत धाडलं आणि डन्स्टनला बसवलं. वर रोमहून आर्चबिशपपदाचं मानवस्त्र आणलं ते पोप बाराव्या जॉनच्या हातून, ज्याच्या चालचलणुकीबद्दल न बोललेलंच बरं. माझ्या मते हा आधी राजाचा माणूस, संत नंतर.

सोमवारपेठी
अहो, दहाव्या शतकात राजाच्या पाठिंब्याशिवाय कुठला मठ उभा राहिला असता? जमिनी सरदारांनी गिळलेल्या. आणि राजाचा माणूस म्हणता, तर एडविगच्या राज्याभिषेकाची मेजवानी आठवा. राजा पंगत सोडून गायब. डन्स्टन आणि लिचफील्डचा बिशप शोधत गेले, तर राजमुकुट जमिनीवर लोळतोय आणि महाराज एका तरुणीच्या आणि तिच्या आईच्या सहवासात. डन्स्टनने मुकुट डोक्यावर ठेवून त्याला अक्षरशः ओढत आणलं. परिणाम? ९५६ मध्ये देशाबाहेर, गेंटच्या मठात. हुजऱ्या असं करतो का?

जुनाबाड
ही कथा सांगतो कोण? 'बी' एवढ्या आद्याक्षरानेच ओळखला जाणारा, डन्स्टनला मानणारा चरित्रकार, तोही साधारण १००० च्या सुमारास. एडविग विशीच्या आतच मेला. त्याची बाजू लिहायला कोणी उरलं नाही.

कावेरीकाठ
तुमचं राजा-राजा चालू द्या, मला विंचेस्टर कॅथेड्रलच्या पुरोहितांचं वाईट वाटतं. डन्स्टनबरोबर ग्लास्टनबरीत राहिलेला ॲथेलवोल्ड तिथे बिशप झाला. ९६४, उपवासकाळातला शनिवार. आत जुने पुरोहित 'भीत भीत प्रभूची सेवा करा' हे स्तोत्र गात होते, ॲबिंग्डनहून आणलेले भिक्षू दाराशी उभे. ओळ ऐकून त्यांनी ती शकुन मानली आणि आत शिरले. राजाचा एक सरदार हुकूम घेऊन सोबत होताच: भिक्षू व्हा, नाहीतर चालते व्हा. बहुतेक बायकामुलांचे संसारी लोक, ते गेले. पुढे परत येऊन भिक्षू झाले फक्त तिघे. याला सुधारणा म्हणायचं की जप्ती?

सोमवारपेठी
ते ॲथेलवोल्डचं काम. डन्स्टनने स्वतःच्या कॅथेड्रलमधून जुन्या पुरोहितांना असं हाकललं नाही. कँटरबरीत दोन्ही प्रकारचे लोक नांदले.

कावेरीकाठ
हाकललं नाही, पण थांबवलंही नाही. आर्चबिशप तोच होता ना?

तिरकस
काल्नची सभा कोणी काढलीच नाही! ९७८ मध्ये माडीची तक्तपोशी कोसळली, राज्याचे मोठमोठे लोक खाली, काही मेले, आणि आर्चबिशप एकटे एका तुळईवर शाबूत. मी काही सुचवत नाही. सोनारांनी त्याला आपला संत केला हे मात्र छान. लंडनला सोन्याचांदीवरच्या शिक्क्यातलं वर्ष दाखवणारं अक्षर १६६० पर्यंत १९ मेलाच बदलायचं.

जुनाबाड
तुळईचं राहू द्या, नियमावली वाचा. ९७० च्या सुमारास विंचेस्टरच्या सभेत सगळ्या मठांसाठी एकच नियम ठरले. त्यांत जवळपास प्रत्येक उपासनेनंतर राजा आणि राणीसाठी प्रार्थना. मठ देवाचे की दरबाराचे?

सोमवारपेठी
आणि ९७५ मध्ये एडगर गेल्यावर? सरदार मठांच्या जमिनींवर तुटून पडले. ९७८ नंतर डन्स्टन बहुतेक कँटरबरीतच राहिला. शिकवायचा, तंटे सोडवायचा, पहाटे हस्तलिखितांतल्या चुका दुरुस्त करायचा. नवा राजा, एडगरचा धाकटा मुलगा एथेलरेड, पोरसवदा, राजकारण करायचं असतं तर रान मोकळं होतं.

जुनाबाड
मोकळं कुठलं? दरबारात एथेलरेडची आई एल्फथ्रिथ आणि ॲथेलवोल्ड बसले होते. एडगरच्या वारसाच्या भांडणात डन्स्टन त्याच्या थोरल्या मुलाच्या, एडवर्डच्या बाजूने उभा होता आणि त्या एडवर्डचा ९७८ मध्ये कॉर्फला खून झाला. डन्स्टन राजकारणातून निवृत्त झाला नाही हो, हरला.