चर्चा: मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सनच्या तोडीची कारकीर्द आज घडू शकते का?

डावा_हुक
माझं उत्तर: नाही. फेब्रुवारी १९४३ मधलं रॉबिन्सनचं वेळापत्रक बघा. ५ तारखेला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने त्याला हरवलं, व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच. १९ ला न्यूयॉर्कमध्ये जॅकी विल्सनविरुद्ध विजय. २६ ला पुन्हा डेट्रॉइट, समोर पुन्हा सुमारे १५ पौंड जड लामोटा, आणि या वेळी रॉबिन्सन गुणांवर जिंकला. आज हेवीवेट म्हणजे सर्वांत जड गटातल्या फ्युरीला उसिकविरुद्धच्या पराभवानंतर रीमॅचसाठी मे २०२४ पासून डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. दोनशेच्या आसपास लढतींमध्ये जितक्या शैली अंगावर येतात, तितक्या आजच्या पंचवीस लढतींत येणं शक्यच नाही.

कोपरा_निळा
असहमत. आकडा मोजताना अमॅच्युअर म्हणजे हौशी लढती का गाळता? उसिकच्या त्या तीनशेहून जास्त आहेत, शिवाय २०१२ चं ऑलिंपिक सुवर्ण. व्यावसायिक झाल्यावर तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन लढला: ब्रिएडिसशी रीगात, गासिएव्हशी मॉस्कोत, बेल्यूशी मँचेस्टरमध्ये, जोशुआशी लंडनमध्ये. सगळीकडे जिंकला. तुमच्या लामोटाचे १५ पौंड म्हणता, तर फ्युरी उसिकपेक्षा सुमारे ४० पौंडांनी जड होता.

तो हे कसं करतो ते बघण्यासारखं आहे. डावखुऱ्या ठाणाचा उसिक आपला पुढचा उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर ठेवतो आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आधी पोटावर मारतो. त्यामुळे उंच माणसाला दर वेळी पाय नव्याने लावावे लागतात, आणि पाय लागेपर्यंत त्याच्या उजव्या हाताला जोर मिळत नाही. नवव्या फेरीपर्यंत पाय जड झाले, की मग डावा हात डोक्यावर. पहिल्या लढतीत फ्युरीवर रेफ्रीने मोजणी केली ती नवव्या फेरीतच.

पंधरावी_फेरी
नवव्या फेरीचं सांगता, पण तेव्हा जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असायच्या, आता बाराच्या असतात; जुन्या विजेत्यांची खरी परीक्षा तेराव्यापासून सुरू व्हायची. १९४१ मध्ये बाराव्या फेरीअखेर बिली कॉन जो लुईसच्या पुढे होता. तेरावी संपायला दोन सेकंद असताना तो बाद झाला. १९५२ मध्ये वॉलकॉट गुणांवर पुढे असताना मार्सियानोच्या एका आखूड उजव्या ठोशाने तेराव्या फेरीत बाद झाला. १९८१ मध्ये हर्न्स तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता, लेनर्डने चौदाव्यात लढत थांबवायला लावली. आजच्या नियमांत तिन्ही निकाल उलटे लागले असते. म्हणजे लुईस, मार्सियानो आणि लेनर्ड यांच्या थोरवीचा मोठा भाग ज्या फेऱ्यांत घडला, त्या फेऱ्याच आता उरलेल्या नाहीत.

कोपरा_निळा
उलटे लागले असते हे इतक्या खात्रीने म्हणता येत नाही. १२ फेऱ्यांची लढत असती तर लुईसने अकराव्यातच चढाई केली असती. दम किती फेऱ्यांत वाटून वापरायचा, हे फेऱ्यांच्या संख्येवरच ठरतं.

वजनकाटा
फेऱ्या कमी का झाल्या तेही बोला. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीविरुद्ध किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. १३५ पौंडांच्या गटात बसण्यासाठी त्याला फार झगडावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी डब्ल्यूबीसी या प्रमुख संघटनेने १२ फेऱ्या केल्या, बाकीच्यांनी नंतर. ही जुनी कठोरता परत यावी असं मला अजिबात वाटत नाही.

पण वजनाच्या बाबतीत आजच्यांना सूट आहे, हे मान्य करा. रॉबिन्सनच्या काळी वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं, त्यामुळे अंगातलं पाणी कमी करून खालच्या गटात घुसणं अंगाशी यायचं. आता वजन आदल्या दिवशी होतं. मीठ आणि पिष्ट बंद, मग गरम पाण्याचा टब, काट्यावरून उतरल्यावर क्षारयुक्त पाणी आणि भात. काही जण रिंगमध्ये पाच-सहा किलो जड होऊन उतरतात. यात चूक झाली तर पाय सहाव्या-सातव्या फेरीतच संपतात. म्हणून ‘अमुक वजनगटांचा विजेता’ हे शब्द दोन्ही काळांसाठी सारखे वापरू नयेत.

डावा_हुक
हाच मुद्दा पुढे नेतो. १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे एकाच वेळी तीन गटांची जगज्जेतेपदं होती, तेव्हा मुख्य गट होते आठ. आज गट सतरा-अठरा आणि प्रत्येकात चार प्रमुख संघटनांचे जगज्जेतेपदाचे पट्टे. आणि अमॅच्युअर लढत तीन फेऱ्यांची असते. तिथला अनुभव पावलांना आणि डोळ्यांना येतो, दहाव्या फेरीत बरगडी दुखत असताना काय करायचं ते तिथे शिकता येत नाही.

कोपरा_निळा
पट्ट्यांचं खरं आहे. म्हणूनच मी चारही पट्टे एकत्र करणाऱ्यांनाच मोजतो. क्रॉफर्डने ते १४०, १४७ आणि १६८ पौंडांत केलं. आणि जुने विजेते सगळ्यांशी लढले हा समज आधी सोडा. कृष्णवर्णीय चार्ली बर्लीला जगज्जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. डेम्प्सी विजेता असताना कृष्णवर्णीय हॅरी विल्स वाट बघत राहिला, आड आला तो वर्णभेद. पुढे क्यूबाचा स्टीव्हन्सन तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकूनही व्यावसायिक रिंगमध्ये आलाच नाही. आज बिवोल आणि बेतेरबिएव्ह पाच महिन्यांत दोनदा भिडले, चारही पट्ट्यांसाठी.

पंधरावी_फेरी
बर्लीचा मुद्दा मान्य. फेऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे.