मदत हवी आहे: १० बाय १४ च्या खोलीत स्पीकर नेमके कुठे ठेवू? आवाज डावीकडे ओढतोय, डग्गा घुमतोय

मारवा_सांज

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळी मापं एकदाच देते.

कर्वेनगरला आमचा जुना फ्लॅट आहे. मुलगा शिकायला बाहेर गेला, त्याची खोली रिकामी झाली आणि ती गाणं ऐकायची खोली करायची असं मी आणि बाबांनी ठरवलं. बाबा ७८ वर्षांचे आहेत. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या पटांगणावर व्हायचा तेव्हा ते भारतीय बैठकीत मांडी घालून शेवटपर्यंत बसायचे. आता गर्दी आणि डिसेंबरची थंडी दोन्ही झेपत नाही. म्हणून ती बैठक घरात व्हावी अशी माझी फार इच्छा आहे.

खोली १० फूट रुंद, १४ फूट लांब, उंची साडेनऊ फूट. भिंती विटांच्या, गिलावा केलेल्या, खाली टाइल्स. स्पीकर १० फुटी भिंतीपाशी आहेत. डाव्या हाताला सलग भिंत, उजव्या हाताला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. कपडे वाळत घालायला तिथूनच जावं लागतं, म्हणून उजवा स्पीकर काचेपासून ३ फूट सोडून ठेवलाय आणि डावा भिंतीपासून जेमतेम १ फुटावर. दोघांमध्ये ६ फूट अंतर. समोरच्या टोकाला, मागच्या भिंतीला टेकून बाबांचा दिवाण. तो हलवता येत नाही, आत सगळ्या गाद्या-रजया आहेत.

स्पीकर छोटेच, सहा इंची वूफरचे, पोर्ट (खालच्या आवाजासाठीचं हवेचं भोक) मागच्या बाजूला. स्टँड २४ इंची, तापकीर गल्लीतून आणलेले. रेकॉर्ड प्लेअर आहे, बाकी फोनवरून ऐकतो.

अडचणी अशा:

पहिली, गायकाचा आवाज मधोमध येत नाही, डावीकडे सरकतो. बाबांच्या जुन्या मोनो तबकड्या लावल्या की हे फारच जाणवतं. बाबा नकळत मान डावीकडे वळवून बसतात. मी हे दोन आठवडे बघतेय आणि मला ते बघवत नाही.

दुसरी, दिवाणावर बसलं की डग्गा नुसता घुमतो. बोल वेगळे कळत नाहीत, एका आघाताचा घुमारा दुसऱ्यावर चढतो. खोलीच्या मध्यावर उभं राहिलं तर त्रास बराच कमी होतो. हे का होतं?

तिसरी, आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसून ऐकतो. दोघांनाही नीट ऐकू येईल अशी मांडणी असते का, की एकाच माणसासाठी जागा असते?

आठ-दहा हजारांपर्यंत खर्च करू शकते, पण आधी जागा नीट लावायची आहे. नवीन वस्तू नंतर.

जुनी_तबकडी

ताई, मापं दिलीत हे फार चांगलं केलंत. निम्म्या धाग्यांत तीच विचारण्यात दिवस जातात.

जागा हलवण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, दोन्ही स्पीकरना लाल वायर लालला आणि काळी काळीलाच गेलीय ना? एक उलटी असेल तर मोनो तबकडीतला आवाज मध्यावर न येता खोलीभर पसरल्यासारखा होतो आणि खालचे सूर पातळ पडतात. तुमचं लक्षण तसं वाटत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे. दोन, डावा स्पीकर उजव्या जागी आणि उजवा डाव्या जागी ठेवून बघा. आवाज तरीही डावीकडेच ओढला तर स्पीकर निर्दोष, दोष बहुधा खोलीचा.

मोनो तबकड्यांवरच तपासणी चालू ठेवा. दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच येतं, त्यामुळे गायक दोघांच्या बरोबर मध्ये, हवेत उभा राहिला पाहिजे. याहून सोपी कसोटी नाही.

पर्वतीपायथा

खोलीच दोषी असणार. डावा स्पीकर भिंतीपासून १ फूट, उजवा काचेपासून ३ फूट. डावीकडची भिंत आवाज लगेच परत फेकते आणि तो मूळ आवाजात मिसळून डावी बाजू जड करते. आधी दोन्ही बाजू सारख्या करा. २ फूट, मध्ये ६ फूट, परत २ फूट. बाल्कनीत जायला २ फूट पुरतात.

दुसरं म्हणजे त्रिकोण. स्पीकर एकमेकांपासून ६ फुटांवर आणि तुम्ही साडेअकरा फुटांवर! इतक्या लांबून दोन स्पीकर एकाच ठिकाणाहून वाजल्यासारखे ऐकू येतात. दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं हवं.

घुमाऱ्याचं कारणही तो दिवाणच आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११३० फूट. १४ फुटी लांबीत अर्धी लाट बसते ती ४० हर्ट्झची, पूर्ण लाट ८० ची. १० फुटी रुंदीत ५६ ची, साडेनऊ फूट उंचीत ५९ ची. या सगळ्या लाटांचा दाब भिंतीलगत सर्वात जास्त असतो. म्हणजे भिंतीला टेकून बसणाऱ्याला लांबीच्या सगळ्या लाटा एकदम मिळतात. डग्ग्याचा मुख्य आवाज याच पट्ट्याच्या आसपास असतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. परदेशी लेखांत सांगतात ते पोकळ, पत्र्याच्या-लाकडाच्या सांगाड्यावर बोर्ड ठोकलेल्या भिंतींच्या खोल्यांबद्दल असतं. तशा भिंती खालचा आवाज थोडा गिळतात. आपली विटांची भिंत आणि वरचा स्लॅब जवळजवळ सगळा परत पाठवतात. म्हणून बसायची जागा आपल्याला जास्त काळजीने ठरवावी लागते.

मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून बघा. तुमच्याकडे ते ५ फूट ४ इंच येतं. अगदी मध्यावर बसू नका, तिथे ४० ची लाट नाहीशी होते पण ८० ची फुगते.

मारवा_सांज

मनापासून आभार. रविवारी सगळं केलं. वायर बरोबर होत्या. स्पीकरांची अदलाबदल केली, आवाज तरीही डावीकडेच. म्हणजे खोलीच.

मग दोन्ही बाजूंना २-२ फूट सोडले आणि स्पीकरमागच्या भिंतीपासून स्पीकरचा पुढचा भाग २ फुटांवर आणला. दिवाण तिथेच ठेवून, ऐकायच्या वेळेपुरती दिवाणामागच्या भिंतीपासून ५ फूट ४ इंचांवर सतरंजी आणि त्यावर बाबांसाठी पातळ गादी घातली. पाठीला लोड. जमिनीवर रंगवायच्या टेपने चारही कोपऱ्यांच्या खुणा केल्या, म्हणजे झाडून-पुसून परत त्याच जागी ठेवता येतील.

आवाज मध्यावर आला! बाबांची मान सरळ. डग्ग्याचे बोल सुटे ऐकू येतात. खूप मोठा फरक आहे.

पण एक विचित्र गोष्ट झाली. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाची तबकडी लावली तर त्याचा मध्य सा पोकळ वाटतो. रे, ग भरदार आणि सावर आलं की जणू कोणीतरी आवाजाखालची सतरंजी ओढली. बायकांच्या काळी चारच्या गाण्यात असं अजिबात होत नाही. मला वाटलं तबकडी झिजली असेल, पण फोनवरच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणातही तेच. बाबांनी तर पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

पर्वतीपायथा

हे ऐकून आनंद झाला, कारण याचं उत्तर अगदी नेमकं देता येतं.

खालचा आवाज स्पीकरच्या मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढे जाणाऱ्या आवाजात मिसळतो. जाऊन-येऊन जो जास्तीचा रस्ता होतो तो अर्ध्या लाटेइतका असेल तर दोन्ही एकमेकांना मारतात. हिशोब असा: ११३० भागिले ४, भागिले भिंतीपासूनचं अंतर. २ फुटांना उत्तर येतं १४१ हर्ट्झ. काळी एकचा मध्य सा १३८.६ हर्ट्झ. तुम्ही बरोबर सावरच खड्डा खणला आहे! काळी चारचा सा २०८ च्या आसपास, म्हणून तिथे त्रास नाही.

स्पीकर ३ फुटांवर आणा. खड्डा ९४ वर जाईल. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्ज ६९ ला, पंचम १०४ ला, जोड १३८.६ ला. ९४ वर तानपुऱ्याची एकही तार नाही. खड्डा थोडा रुंद असतो, पंचमाला किंचित बाधेल, पण तानपुऱ्याचा खरा रंग त्याच्या वरच्या सुरांच्या रांगेत असतो, ती शाबूत राहील.

१ फुटावर ढकलून खड्डा २८२ वर नेता येतो, पण तुमचा पोर्ट मागे आहे, तिथे खालचा आवाज फुगेल.

आरसा_आणि_गोधडी

मी फक्त बाजूच्या भिंतीबद्दल लिहितो. घरात हातआरसा असेल तर बाबांना त्यांच्या जागी बसवा आणि तुम्ही आरसा डाव्या भिंतीला टेकवून, त्यांच्या कानांच्या उंचीवर, हळूहळू सरकवा. ज्या जागी बाबांना आरशात डाव्या स्पीकरचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा गोल भाग) दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. तसाच उजवा स्पीकर दिसेल तिथेही. या जागांवरून येणारा पहिला परतावा आवाजाची जागा धूसर करतो.

तिथे पडद्याच्या दांड्यावर जुनी गोधडी लटकवा. घरची, चार-पाच थरांची, जड. भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी ठेवली तर चिकटवून ठेवल्यापेक्षा जास्त काम करते. उजवीकडे काचेवर जाड पडदा. एक लक्षात ठेवा, गोधडीने घुमारा जाणार नाही. ती वरचे आणि मधले सूर आवरते, खालच्या लाटा तिला जुमानत नाहीत. त्यासाठी जागाच बदलावी लागते आणि ती तुम्ही बदललीच आहे. फार तर कोपऱ्यात कापसाची गादी गुंडाळून उभी करा, थोडाफार फरक पडेल.

सगळ्या भिंती मात्र झाकू नका. तानपुऱ्याच्या आवाजाला खोलीचा थोडा परतावा लागतो, नाहीतर तो वाळून जातो. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर ते राहू द्या.

जुनी_तबकडी

दोघांनी शेजारी बसण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी आणि माझी बायको वीस वर्षं असंच ऐकतोय.

स्पीकरची तोंडं सरळ तुमच्याकडे रोखू नका, त्याहून जास्त आत वळवा. दोन्ही स्पीकरांच्या सरळ रेषा तुमच्या पुढे साधारण फूटभरावर एकमेकींना छेदू द्या. मग डावीकडे बसलेल्याला डावा स्पीकर जवळ असतो पण त्याचं तोंड दुसरीकडे असतं, आणि लांबचा उजवा मात्र त्याच्याकडे बघत असतो. जवळचा हळू, लांबचा मोठा, अशी भरपाई होते आणि गायक दोघांनाही बराचसा मध्यावर दिसतो. अगदी एका माणसाइतकं नेमकं होत नाही, पण दोघांचं समाधान होतं.

आणि ट्वीटरची उंची मोजा. तुम्ही जमिनीवर बसताय, २४ इंची स्टँड खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी असतात.

मारवा_सांज

मोजलं. बाबांचा कान जमिनीपासून २८ इंच, ट्वीटर ३५ इंच. म्हणजे आवाज आमच्या डोक्यावरून जात होता.

तोपर्यंत स्पीकर ३ फुटांवर आणले, तोंडं आत वळवली, डावीकडे आजीची गोधडी लावली. ती गोधडी पेटीत पडून होती, तिच्या एका थरात आईचं लग्नातलं जांभळं लुगडं आहे. स्पीकरच्या मागच्या कडेखाली पाऊण इंचाची लाकडी पट्टी सरकवून त्यांना पुढे किंचित झुकवलं. स्टँडवरून घसरू नयेत म्हणून खाली रबराचे तुकडे लावले, बोहरी आळीतून आणले.

काल संध्याकाळी तीच काळी एकची तबकडी लावली. सा भरून आला. मी डावीकडे, बाबा उजवीकडे. सुरुवातीला नुसते तानपुरे वाजतात ना, तेवढ्यात बाबांनी डोळे न उघडता हात वर केला आणि म्हणाले, "मागचा तानपुरा किंचित उतरलाय. पंचम बघ." मी ही तबकडी लहानपणापासून ऐकतेय. त्यात दोन तानपुरे आहेत हेच मला आजवर कळलं नव्हतं. नंतर मीही ऐकला, डावीकडे जरा मागे, खरंच उतरलेला.

जुनी_तबकडी, तुमची तोंडं वळवायची युक्ती आमच्या दोघांना पुरेपूर लागू पडली. पर्वतीपायथा, तुमचा हिशोब मी कागदावर लिहून भिंतीला लावलाय.

आता दोनच शंका उरल्यात. बाबा दुपारी दिवाणावर पडून ऐकतात, तेव्हा डग्गा परत घुमतो. बाल्कनीचं दार उघडलं की घुमारा बराच कमी होतो, पण मग रस्त्याचा आवाज आत येतो. पडून ऐकण्यापुरता काही उपाय आहे का, की दिवाण फूट-दीड फूट पुढे ओढला तरी फरक पडेल? आणि नवीन स्टँड १७ इंचाचे करून घेतेय, लोखंडी चौकोनी नळीचे. फॅब्रिकेटर विचारतोय, आत वाळू भरायची का आणि भरायची असेल तर वर झाकण वेल्ड करू की स्क्रूचं ठेवू. त्याला शनिवारपर्यंत सांगायचंय.