पाच वेळा खाण्याचं गणित

'फास्ट मेटाबॉलिझम डाएट'वाले म्हणतात, "दिवसातून पाच वेळा खाल्लं की चयापचय, म्हणजे शरीराचा ऊर्जा खर्चण्याचा वेग, पेटतं." हे काही पटलं नाही. अन्न पचवण्यात साधारण दहा टक्के ऊर्जा खर्च होते. तोच डबा तीनदा उघडा नाहीतर पाचदा, बेरीज तीच. चाळिशीनंतर चयापचय मंदावतं, हा समजही तसाच न पटणारा. 2021 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात 6,400हून जास्त लोकांच्या मोजणीचा अभ्यास आला होता. शरीराचा आकार हिशेबात धरला तर 20 ते 60 या वयात चयापचय जवळजवळ सपाट!

हा 28 दिवसांचा डाएट मी इंदुरात राहून केलाय, तेही शाकाहारी घरात. यात वारानुसार खाणं बदलतं. सोमवार-मंगळवार निभले. बुधवार-गुरुवार फक्त प्रथिनं आणि भाज्या, त्यात दूध, पनीर, सोया सगळं बंद. मग उरलं काय, दोडका? पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले, मीही पेढे वाटायच्या बेतात होतो (तेही बंदच!). पण ते बहुतेक पाणी. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, पिष्टमय पदार्थ कमी झाले की तेही जातं. भात सुरू झाल्यावर दहा दिवसांत दोन किलो परत.

फायदा झाला तो वेगळाच. गहू आणि साखर बंद म्हणून रोजची पोहे-जिलेबी सुटली. पोहे आता घरीच वाफवतो, वरून जिरावण मसाला भरपूर, पण शेव चमच्याने मोजून. आई म्हणते, "अरे, शेव मोजणारा कसला इंदुरी!"