ओ पेअर असताना त्या गावासाठी काही केलंत का? (अनुभव धागा)

मोहोर
मी जर्मनीत ओ पेअर होते, म्हणजे तिकडच्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणारी. काल त्या घरातल्या थोरल्या मुलीचा फोटो आला. तिकडे शाळेतून काही दिवस कुठेतरी काम शिकायला जायचं असतं, तिने गावातलं टाफेल निवडलं. निळा एप्रन, समोर गाजरांचे क्रेट, आणि खाली एवढंच, "तू मला शनिवारी न्यायचीस तिथे." रडूच आलं मला.

टाफेल म्हणजे दुकानांत न खपलेलं पण खाण्याजोगं अन्न गोळा करून गरजूंना देणारी संस्था. पहिलं १९९३ मध्ये बर्लिनला निघालं, आता देशभरात ९०० च्या वर आहेत. मी उल्मजवळच्या एका छोट्या गावात होते. भाषा जेमतेम, ओळखी त्या एका घरापुरत्या. चर्चबाहेरच्या फलकावर 'शनिवारी माणसं हवीत' अशी चिठ्ठी दिसली आणि गेले. संत्र्यांच्या जाळीत एक सडलं तरी दुकानवाले अख्खी जाळी बाजूला काढतात. ती कापायची, सडकं फेकायचं, बाकीची ओल्या फडक्याने पुसून क्रेटमध्ये लावायची. शेजारी एक निवृत्त पोस्टमन आजोबा असायचे, त्यांच्या स्वाबियन बोलीत अखंड बोलत. क्लासपेक्षा मी त्यांच्याकडूनच जास्त जर्मन शिकले.

तोवर गावात मी 'त्या घरातली मुलगी' होते. पुढे बेकरीवाली मला नावाने हाक मारायला लागली. त्या हाकेचं मोल मी कुणाला कसं सांगू!

तुम्हीही लिहा. ज्यांच्या घरी ओ पेअर राहून गेली त्यांनीसुद्धा.

अळूवडी
अगं किती छान! माझ्याकडे कंदिलांचा किस्सा आहे. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

कृष्णाकाठ
बॉन. जुलै २०२१. आर नदीचा पूर.

१४ तारखेच्या रात्री पाणी आलं. त्या एका खोऱ्यात १३० च्या वर माणसं गेली. घरातली आईच म्हणाली, मुलांना मी बघते, तुला जायचं तर जा. जवळच्या ग्राफशाफ्ट गावाहून मदतीला येणाऱ्यांसाठी बस सुटायच्या, फावडं-बादली घ्यायची आणि बसायचं. तळघरं गाळाने भरलेली, त्यात हीटिंगच्या तेलाच्या टाक्या फुटलेल्या. तो वास कपड्यांतून जाता जाईना. आम्ही रांग करून बादल्या वर पास करायचो. मी सांगलीची, २०१९ चा पूर आमच्या घरात शिरला होता. गाळ सुकला की दगड होतो, आधी कोपरे मोकळे करा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून त्या गल्लीतले लोक मलाच विचारायला लागले.

वाईनचा मुलूख तो. चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून त्यांनी पुनर्बांधणीसाठी पैसे उभे केले. ज्यांचं तळघर आम्ही उपसलं त्या आजीने मलाही एक दिली. मी पीत नाही, पण जपून ठेवली आहे.

वाशिष्ठी
@कृष्णाकाठ त्यानंतर आठवड्याभरात, २२ जुलैला, आमचं चिपळूण बुडालं.

कृष्णाकाठ
हो ना. तळियेची दरड पण त्याच दिवशी. मी तिथे बादल्या उचलत होते आणि फोनवर चिपळूणचे व्हिडिओ येत होते. सोबतच्यांना दाखवले. ज्यांचं स्वतःचं घर गेलं होतं त्या बाई विचारत होत्या, तुझी माणसं सुखरूप आहेत ना? तुझ्याकडचे सगळे नीट होते का?

वाशिष्ठी
माणसं नीट. दुकान गेलं. बाबांनी पुन्हा उभं केलं, आता बरं चाललंय. भिंतीवर पाण्याची रेघ मात्र अजून आहे, बाबा रंग लावू देत नाहीत.

पानगळ
सगळ्यांचे छान अनुभव वाचून बरं वाटलं, माझा वेगळा आहे. ज्या घरी होते तिथली बाई शाळेच्या पालक समितीत. जत्रेसाठी केक भाजायचे मी, रविवारी स्टॉल मांडायचा मी, भांडी मी. आणि चारचौघांत "आमच्या मुलीला किती हौस!" हौस कसली, नाही म्हणायची सोयच नव्हती. तिच्याच घरात राहायचं, तिनेच व्हिसाचे कागद केलेले. कित्येक रविवार खोलीत येऊन रडले आहे.

मोहोर
@पानगळ वाईट वाटलं गं वाचून. नव्या मुलींनो, हे नीट वाचा. जर्मनीत आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, दिवसाला ६, आणि दीड दिवस सुट्टी. करारात लिहिलेलं असतं. गावासाठी जे कराल ते तुमच्या सुट्टीतलं आणि तुमच्या मनाने. घरच्यांनी सांगितलेला केक हा त्या ३० तासांतच धरायचा. माझ्या घरच्यांनी मला शनिवारी कधी अडवलं नाही की कधी ढकललंही नाही, म्हणून ते माझं राहिलं.

पानगळ
"माझं राहिलं". अगदी हेच. नंतर घर बदललं मी. दुसऱ्या गावात वृद्धाश्रमात आपणहून जायचे, आज्यांबरोबर सोंगट्यांचा खेळ. आपल्या पचिशीवरूनच आलाय तो, हे सांगितल्यावर एक आजी पटावर हात ठेवून बसल्या, म्हणे मग नियम तू सांग! खूप जीव लावला त्यांनी.

पेठेतली सुगरण
केक भाजायला लावला हे वाचून इतका राग आला की पोळी करपली. बिनअंड्याच्या केकची पाककृती आहे का कुणाकडे, तिकडे शाकाहारी मुली काय करतात?

अळूवडी
आले. तर ११ नोव्हेंबर, सेंट मार्टिन या संताचा सण. संध्याकाळी लहान मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत गावभर फिरतात, पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन. त्या वर्षी दिवाळी नुकतीच झालेली, घरची आठवण काढून जीव नुसता कासावीस. बालवाडीत कंदील करायला मदतीला येता का म्हणून चिठ्ठी आली, मी होस्ट आईच्या आधी हात वर केला. बाबांनी शिकवलेला आकाशकंदील शिकवला. काड्यांचे चौकोन, दोऱ्याने घट्ट गाठी, पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा, खाली झिरमिळ्या. एका छोट्याला गाठ जमेना, त्याच्या आजोबांनी मांडी घालून बसून बांधली. मिरवणुकीत झिरमिळ्यांचे कंदील लांबूनही ओळखू येत होते. आईला व्हिडिओ कॉल लावून सगळी मिरवणूक दाखवली. माझी दिवाळी त्या दिवशी झाली.

जर्सीतली आई
आम्ही दुसऱ्या बाजूचे. आमच्याकडे कोलंबियाची मुलगी होती. अमेरिकेत जे-१ व्हिसावर येतात, आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम आणि वर्षात सहा क्रेडिटचं शिक्षण घ्यावं लागतं. एवढं सगळं सांभाळून ही पोरगी गावच्या लायब्ररीत लहान मुलांना स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगायची. त्या हिवाळ्यात सासूबाई आलेल्या. दोघी मिळून हॉस्पिटलातल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणायला बसायच्या. एकीला इंग्रजी नाही, दुसरीला मराठी नाही, पण टाका चुकला की दोघींना एकदम कळायचं. सासूबाई अजून तिची चौकशी करतात. आमच्या गावाला तिने जे दिलं ते आम्ही इतकी वर्षं राहूनही दिलं नव्हतं. तिच्यामुळे मी आता फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना अन्न देतात तिथे, मदतीला जाते.

पेठेतली सुगरण
टोप्यांना लोकर कुठली घेतली? बाळांना टोचते ना?

जर्सीतली आई
सुती किंवा मऊ, मशीनमध्ये धुता येणारी. हॉस्पिटलवाले सांगतात आधी. बिनअंड्याचा केक दही-सोड्याचा करा, फसत नाही.

रानजाई
ताई, मी साताऱ्याची. पुण्यात जर्मनचं ए१ (पहिली पातळी) झालं, आता घर शोधतेय. मला मुलांमध्ये काम करायला आवडेल सुट्टीच्या दिवशी. वेगळी परवानगी लागते का? आणि ओ पेअरचं वर्ष संपल्यावर काय?

कृष्णाकाठ
@रानजाई पगारी काम दुसरं करता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. बिनपगारी मदतीबद्दल घरच्यांशी आधी बोल. मुलांबरोबर असेल तर पोलिसांकडची नोंद नसल्याचा दाखला मागतात. संस्थेचं पत्र जोडलं की त्याची फी माफ होते. अर्ज गावच्या नागरिक कार्यालयात. आणि व्हिसाचा अर्ज २७ पूर्ण व्हायच्या आत हवा, वय बघ.

वर्षानंतर बऱ्याच मुली एफएसजे करतात, म्हणजे सामाजिक सेवेचं वर्ष, हॉस्पिटल किंवा वृद्धाश्रमात. तिथून नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला (काम करत शिकायचं प्रशिक्षण) जातात. मी तेच केलं. आधी कुठे मदत केली असेल तर तिथून पत्र घेऊन ठेव, माझ्या मुलाखतीत ते कामी आलं. मेसेज कर, नमुना पाठवते.

रानजाई
केला ताई. बघा ना.