पंखा हळू ठेवला तरी वीज तेवढीच जाते?

बरेच जण म्हणतात की पंखा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, मीटर सारखाच फिरतो. हे पूर्ण खरं नाही, रेग्युलेटर कोणता आहे त्यावर ते ठरतं. जुना डबीसारखा मोठा रेग्युलेटर असेल तर त्यात तारेचा रोध असतो. पंख्याची कमी झालेली वीज बरीचशी तिथे उष्णता होऊन जाते, म्हणून बचत थोडीच होते. आईकडे सांगलीला असाच एक होता, रात्रभर पंखा चालला की सकाळी हाताला चांगला गरम लागायचा. हल्लीच्या छोट्या बटणाच्या रेग्युलेटरमध्ये बहुधा कपॅसिटर असतात, ते असे तापत नाहीत आणि वेग कमी केला की वीज खरंच वाचते.

पण वीज वाचवायची तर माझ्या मते दिव्यांपेक्षा पंख्यांकडे आधी बघायला हवं. ९ वॅटचा एलईडी रोज सहा तास जळला तर महिन्याला दीड-पावणेदोन युनिट. साधा ७५ वॅटचा पंखा रोज सोळा तास चालला तर ३६ युनिट! बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पूर्ण वेगाला साधारण ३० वॅट घेतो, म्हणजे तेवढ्याच वापराला १४-१५ युनिट. आम्ही आईच्या खोलीतला पंखा सर्वांत आधी बदलला, कारण तो दिवसभर चालू असतो. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच ठेवलाय, तिथे पैसे घालण्यात अर्थ नव्हता. एक मात्र सांभाळा, बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर जोडू नका, वायरमनकडून तो आधी काढून घ्या.