अनुभव धागा : गेम जॅममध्ये कोड्यांचा प्लॅटफॉर्मर करताना

गेम जॅमचा विषय ऐन वेळी जाहीर होतो आणि ठरलेल्या मुदतीत गेम खेळण्याजोगा करून द्यावा लागतो. लुडम डेअर हा जॅम २००२पासून चालू आहे. पुढे बरीच वर्षं त्यात एकट्याने उतरणाऱ्यांना ४८ तास आणि संघांना ७२ तास मिळायचे. ग्लोबल गेम जॅम २००९मध्ये सुरू झाला.

या मुदतीत कोड्यांचा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) करायला मला मनापासून आवडतं. उडी हाताला छान वाटली पाहिजे, आणि ती कुठून कुठे मारायची हे मात्र डोक्याने शोधावं लागलं पाहिजे. असा गेम ज्यांनी केलाय त्यांनी इथे लिहा. कोड, चित्रं, आवाज, लेव्हल, नुसतं खेळून पाहणं, कशाबद्दलही चालेल. गेम अर्धवट राहिला असेल तरीही लिहा. सुरुवात मी करते.

धागाकर्ती

माझं सगळं लक्ष नियमावर असतं. एकच नियम घ्यायचा आणि त्याचे परिणाम कागदावर पार शेवटापर्यंत न्यायचे. आमच्या गेमचा नियम असा होता : जिथून उडी माराल तिथे एक ठोकळा तयार होतो. ऐकायला साधा आहे, पण उडी मारणं म्हणजेच काहीतरी खर्च करणं झालं. ठोकळ्याने परतीची वाट बंद होते. ठोकळा बटणावर पडला तर दार उघडं राहतं. जागच्या जागी उड्या मारल्या तर पायांखाली मनोरा उभा राहतो, आणि मग खेळाडू थेट आकाशात जाऊ शकतो! म्हणून एका वेळी तीनच ठोकळे ठेवले. चौथा आला की सगळ्यात जुना नाहीसा. शिवाय ठोकळ्यांना गुरुत्वाकर्षण लावलं, म्हणजे तळचा गेला की वरचे खाली सरकतात. या एका मर्यादेतून आमची निम्मी कोडी निघाली, कारण आता ठोकळा कुठे आहे एवढं पुरत नाही, तो कितवा आहे हेही लक्षात ठेवावं लागतं.

अर्वी टेइकारी यांनी ‘बाबा इज यू’ या कोड्यांच्या गेमचं पहिलं रूप २०१७च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये केलं, पूर्ण गेम २०१९मध्ये आला. तो प्लॅटफॉर्मर नाही, तरी नियमाचा पाठपुरावा किती दूरवर करता येतो हे त्यात फार सुंदर दिसतं.

कोड लिहिणारा

मी उडीबद्दल लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. गुरुत्वाकर्षण आणि वेग यांचे आकडे अंदाजाने फिरवत बसण्यात जॅमचा वेळ जातो. त्याऐवजी उडी किती उंच हवी (उ) आणि शिखरापर्यंत किती वेळात पोचायला हवी (वे) हे ठरवा. मग सुरुवातीचा वेग = २ × उ ÷ वे, आणि गुरुत्वाकर्षण = २ × उ ÷ वेचा वर्ग. उदाहरणार्थ, टाइल (लेव्हल ज्यांनी बनते त्यातला एक चौकोनी तुकडा) १६ पिक्सेलची आहे आणि सव्वादोन टाइल, म्हणजे ३६ पिक्सेल उंच उडी ०.४ सेकंदात हवी आहे. वेग येतो सेकंदाला १८० पिक्सेल, गुरुत्वाकर्षण ४५०. दोन टाइल आरामात चढता येतात, आणि तीन चढता येणारच नाहीत हे बघताक्षणी कळतं. कोड्याच्या गेममध्ये हे कळणं फार मोलाचं आहे. ‘जमेलसं वाटतंय’ अशी उंची ठेवली की खेळाडू विचार सोडून पुन्हापुन्हा उड्याच मारत राहतो.

दुसरं म्हणजे क्षमाशीलता. कडेवरून पाय सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद उडी मारू द्यायची, त्याला कोयोट टाइम म्हणतात. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवून टेकताच उडी द्यायची, हा जंप बफर. ‘सेलेस्ट’ या प्लॅटफॉर्मरने अशी क्षमाशीलता फार बारकाईने वापरली आहे, आणि त्या गेमचं पहिलं रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी पिको-८वर (मुद्दाम मर्यादा घातलेल्या, सॉफ्टवेअरच्या रूपातल्या गेम कन्सोलवर) चार दिवसांत केलं होतं! तो हाताची परीक्षा घेणारा गेम आहे, तरी त्यात इतकी माया आहे. आपण डोक्याची परीक्षा घेतोय, तर आपण हाताला आणखी जपायला हवं.

एक बारीकसं : टाइल १६ची असेल तर पात्राची टक्करचौकट (ते कशाला धडकलं हे जिच्यावरून ठरतं ती अदृश्य चौकट) १४ रुंद ठेवा. नाहीतर एका टाइलच्या खड्ड्यात ते नीट पडतच नाही.

लेव्हल रचणारी

वरच्या दोघांशी पूर्ण सहमत. मी लेव्हल उलटीकडून रचते. आधी शेवटची चाल ठरवते, जी पाहून खेळाडूने ‘अरेच्चा, असंही होतं?’ म्हणावं अशी. मग ती चाल नाइलाजाने शोधावी लागेल इतपत भिंती घालते, एकही जास्त नाही. प्रत्येक जादा टाइलचा खेळाडू काहीतरी अर्थ लावतो आणि तिच्यापाशी वेळ घालवतो. पहिल्या लेव्हलला मजकुराची पाटी मला नको असते. उजवीकडे जायला एकच वाट आणि उडी मारल्याशिवाय सुटका नाही, अशी जागा दिली की नियम आपोआप कळतो.

कुणाला खेळायला बसवलं की मागे उभं राहून गप्प राहायचं. हे सगळ्यात कठीण आहे. उत्तर माहीत असल्यामुळे आपल्याला स्वतःची लेव्हल नेहमी सोपी वाटते, म्हणून माझा नियम आहे की जी मला मध्यम वाटते ती शेवटच्या भागात टाकायची. खेळणाऱ्याला आपल्या मनात नसलेलं उत्तर सापडलं, तर लगेच बुजवू नका. बघा, ते आपल्या उत्तरापेक्षा चांगलं आहे का. पुष्कळदा असतं, आणि मग त्याचीच वेगळी लेव्हल करावी.

आणि अन्डू! चाली एकेका चौकटीने होत असतील तर एक चाल मागे घेण्याची सोय पहिल्या दिवशीच कोडमध्ये हवी. धावत्या गेममध्ये निदान एका बटणावर लेव्हल पुन्हा सुरू व्हावी, ‘खात्री आहे का?’ असं न विचारता.

चित्रं काढणारी

मी पिको-८च्या मर्यादांवर प्रेम करते : १२८ × १२८ पिक्सेल, १६ रंग. ८ पिक्सेलची टाइल घेतली तर पडद्यावर १६ × १६ टाइल मावतात, आणि संपूर्ण कोडं एका नजरेत दिसतं. कोड्यासाठी हे मला अत्यावश्यक वाटतं. कॅमेरा सरकवून जे बघावं लागतं ते लक्षात ठेवावं लागतं. माझी पद्धत सरळ आहे. ज्याला हात लावता येतो त्याला उजळ रंग, बाकी सगळं दबलेलं. ठोकळ्यांचा क्रम महत्त्वाचा असेल (धागाकर्तीच्या गेमसारखा), तर सगळ्यात जुना ठोकळा फिकट दिसलाच पाहिजे.

आवाज करणारा

उडी, पडणं, दार असे छोटे आवाज करायला एसएफएक्सआर हे सॉफ्टवेअर अजूनही उत्तम. २००७च्या डिसेंबरमधल्या लुडम डेअरसाठीच ते बनवलं गेलं होतं. संगीताबाबत एवढंच की खेळाडू एकाच लेव्हलवर बराच वेळ विचार करत बसणार, तेव्हा ठसठशीत सूर टाळा, लांब श्वासाचे स्वर ठेवा. लेव्हल पुन्हा सुरू झाली तरी संगीत पहिल्यापासून वाजू नये. आणि खेळाडूने क्लिक करण्याआधी ब्राउझर आवाज अडवतात, म्हणून सुरुवातीला ‘खेळा’ बटण हवंच.

ब्राउझरच्या बिल्डवाला

गोदो हे गेम इंजिन वापरत असाल तर त्याच्या ४.३ आवृत्तीपासून वेब बिल्ड (ब्राउझरमध्ये चालणारं गेमचं रूप) एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच ओळीत, चालवता येतो, त्यामुळे तो अपलोड करणं पुष्कळ सोपं झालंय. बाणांच्या कळा आणि अक्षरांच्या कळा (डब्ल्यू, ए, एस, डी) दोन्ही चालू ठेवा. अक्षरांसाठी कळेची जागा तपासा, तिच्यावरचं अक्षर नको. फ्रेंच कीबोर्डवर त्यांतली काही अक्षरं वेगळीकडे असतात.

इतरांचे गेम खेळून गुण देणारी

लुडम डेअरमध्ये भाग घेणारेच एकमेकांच्या गेमना गुण देतात. मी ते काम आवडीने करते, प्रतिक्रियाही लांब लिहिते. पण पुढे शेकडो गेम रांगेत असताना तिसऱ्या लेव्हलला अडकले तर तिथेच थांबावं लागतं, आणि कुणीतरी जिवापाड रचलेली शेवटची लेव्हल माझ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून लेव्हल वगळण्याची सोय द्या. सगळ्या लेव्हल पहिल्यापासून उघड्या असलेली यादी तर त्याहून चांगली. पुढची बघून आले की मागच्या कोड्याचं उत्तर बरेचदा सुचतं, आणि मी परत जाऊन ते सोडवते.

धागाकर्ती

उघड्या यादीचं पटलं, पुढच्या जॅमला तसंच करणार. लेव्हल रचणाऱ्या ताईंना विचारायचंय : ठोकळ्यांच्या नियमात अन्डू घालायचा तर मागे नेमकं किती न्यायचं? एक उडी, की शेवटी जमिनीवर स्थिर उभं होतो तिथपर्यंत?

लेव्हल रचणारी

स्थिर उभं होतो तिथपर्यंत. उडी मारण्याआधीच्या क्षणी पात्र आणि तिन्ही ठोकळे यांच्या जागा आणि क्रम साठवून ठेवा. अन्डू दाबला की तेवढंच परत मांडा. हवेतल्या स्थितीत कुणाला परत नेऊ नका, तिथे विचार करायला वेळच मिळत नाही.