चित्र कोणी काढलं?

घोडबंदर रोड, ठाणे. सोसायटीचा ग्रुप. वार्षिक सभेनंतरचा मंगळवार, संध्याकाळी सातनंतर.

देसाई (ए-201) : सी विंगच्या लिफ्टशेजारच्या बोर्डावरचं चित्र कोणी काढलं?

साळवी वहिनी (सी-502) : काका, आमच्या ओंकारने. रविवारी सभेहून आल्यावर जेवण सोडून तेच काढत बसला होता. काही चुकलं का?

देसाई : अहो वहिनी, काढलं म्हणजे उतरवलं कोणी? सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा होतं. आता नुसत्या चार टाचण्या राहिल्यात.

नाईक (डी-404) : काकांनी मराठीचाच पेपर काढला 

गोखले काकू (ए-103) : गेटसमोर पांढरी गाडी कोणाची? एमएच 04. टँकर बाहेर उभा आहे, आत घेता येत नाहीये.

परकार (बी-602) : कसलं चित्र? माझी सेकंड शिफ्ट होती, सभेलाही नव्हतो.

नाईक : मग परकारभाई तुम्हालाही वाहिली

परकार : काय वाहिली??

पाटील बाई (बी-303) : मी सांगते. कोरमला वीस माणसं लागतात, 84 फ्लॅटमधून आली 17. अर्धा तास तहकूब. त्या अर्ध्या तासात चहा संपला, माणसं तेवढीच. मग सभा सुरू झाली. सेक्रेटरींच्या हातात दोन कागद, एकावर वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं, दुसऱ्यावर न आलेल्यांची. चष्मा डोक्यावर सरकवलेला. आणि माईकवर म्हणाले, "प्रथम आपण सर्व गैरहजर सभासदांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या." आम्ही उभे राहिलो की हो! सवयीने. मान खाली घालून अर्धा मिनिट झाल्यावर लक्षात आलं. आता बसावं तर जे खरंच गेले त्यांचा अपमान, उभं राहावं तर हसू आवरेना. खुर्च्या तेवढ्या कुरकुरत होत्या.

परकार : या अल्ला. म्हणजे मी जिवंतपणी गेलो.

देसाई : आणि ओंकारने काढलेलं चित्र असं : एक हॉल. टीव्ही चालू. सोफ्यावर चार माणसं ओळीने, प्रत्येकाच्या गळ्यात जाड हार, कपाळाला गंध, समोर समई. एकाच्या हातात रिमोट, दुसरा वेफर खातोय. समईच्या उजेडात वेफरची पिशवी चकाकते आहे, ती चमक पोराने कागद कोरा ठेवून साधली आहे. कोपऱ्यात दाराच्या फटीतून माईक धरलेले आपले सेक्रेटरी, अंगठ्याएवढे. खाली ओळ नाही, काही नाही. नववीतल्या मुलाला खाली ओळ न लिहिण्याचं शहाणपण कुठून आलं मला माहीत नाही. मी 31 वर्षं छापखान्याच्या प्रोसेस खात्यात काढली, मोठमोठ्यांना ते जमलेलं पाहिलं नाही.

मोहिते (सी-1103, ॲडमिन) : ग्रुपचे नियम सगळ्यांना माहीत आहेत. राजकारण नको, धर्म नको, टिंगलटवाळी नको. पदाधिकारी फुकट राबतात, त्यांची बोलण्यातली चूक धरून चित्रं लावायची आणि वर कौतुक? नाईक यांनी काल रात्री टाकलेलं ते नेत्याची जीभ घसरल्याचं कार्टूनही मी डिलीट केलं आहे. उद्या केस झाली तर ॲडमिन म्हणून मी आत जाणार, तुम्ही नाही.

नाईक : अहो ते आख्ख्या देशात फिरतंय

मोहिते : देशाचा ॲडमिन मी नाही.

ॲड. सावंत (डी-701) : मोहिते, ती भीती काढून टाका. दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, त्या दोघांचा आधीपासून संगनमताचा इरादा दिसला पाहिजे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियाच्या प्रकरणात हेच सांगितलं.

अर्थात तुमची भीती अगदीच हवेतली नाही. 2012 साली कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली ती ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र पुढे पाठवल्यामुळे. आणि पाठवलं कुठून? आपल्यासारख्याच हाउसिंग सोसायटीच्या ईमेलवरून. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही उचललं होतं. प्राध्यापक पूर्ण सुटले ते जानेवारी 2023 मध्ये. एका फॉरवर्डची दहा वर्षं.

परकार : पालघरच्या दोन मुलींचं पण तेव्हाचंच ना?

ॲड. सावंत : नोव्हेंबर 2012. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. एकीने फेसबुकवर मुंबई बंदबद्दल लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. त्यानंतरच आयटी कायद्याचं कलम 66 अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं, सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च 2015 मध्ये रद्द झालं. कलम गेलं तरी हात गेले नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. कारण, मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र. ग्रुप, सोसायटीचा.

देसाई : आणि ज्या पक्षाची सुरुवातच व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून झाली! मार्मिक 1960 चं. कुंचला धरणाऱ्या माणसाने उभी केलेली संघटना.

मोहिते : पक्षाचं नाव घेऊ नका म्हटलं ना. घेतलंच.

गोखले काकू : पांढरी गाडी, शेवटचे आकडे धुळीत दिसत नाहीत. वॉचमन म्हणतो टँकरवाला अजून दहा मिनिटं थांबेल, मग दुसऱ्या फेरीला जाईल.

परकार : मोहितेसाहेबांची एक गोष्ट मला पटते. नाईक, तुम्ही टाकलं होतं ते चित्र ज्या व्हिडिओवर होतं, तो मी पूर्ण पाहिला. तो माणूस पुढच्याच सेकंदाला "सॉरी, म्हणजे..." म्हणून वाक्य सुधारतो. क्लिप बरोबर त्याच्या आधी कापली आहे. बोलताना अडखळणाऱ्याला हसायचं असेल तर मग माझ्या मराठीला रोज हसा.

नाईक : तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलंय भाई. पण पॉइंट आहे. मला फुल व्हिडिओ माहीत नव्हता

देसाई : परकार, लाख बोललात. आता मी जरा लांब लिहितो, ज्यांना टँकरची घाई आहे त्यांनी पुढे सरकावं.

1992 चा जून. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला एका शाळेत गेले. बारा वर्षांच्या पोराने फळ्यावर पोटॅटो शब्द अगदी बरोबर लिहिला. साहेबांनी त्याला शेवटी आणखी एक ई जोडायला लावला. पोराने जोडला, काय करणार, समोर उपराष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या दिवसापासून जगभर बटाटेच बटाटे. पुढे क्वेल यांनी लिहिलं की शाळेने हातात दिलेल्या कार्डावरच तसं स्पेलिंग होतं. ऐकतो कोण! डून्सबरी या चित्रमालिकेत गॅरी ट्रूडो त्यांना हवेत तरंगणारं पीस म्हणून दाखवायचे, माणूस काढायचेच नाहीत. वजन नाही हे सांगायला पीस पुरे. बटाट्याच्या गोष्टीत खरी चूक कार्डाची, पण लोकांना त्या माणसाबद्दल आधीच जे वाटत होतं त्यावर ती चपखल बसली. म्हणून टिकली. मला विचाराल तर पीस हे व्यंगचित्र आणि बटाटा ही नुसती चेष्टा.

पाटील बाई : म्हणजे काका, चुकीवर काढूच नये असं म्हणता?

देसाई : नाही बाई. कुठल्या चुकीवर, एवढंच. आपल्याकडचीच दोन उदाहरणं घ्या. 2008 ला मुंबईवर हल्ला झाला, गृहमंत्री आर. आर. आबा पत्रकारांशी हिंदीत बोलायला गेले आणि मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतात, अशा अर्थाचं सिनेमातल्यासारखं वाक्य तोंडून गेलं. 1 डिसेंबरला राजीनामा. पुढच्या वर्षी तेच खातं परत मिळालं हे सोडा. त्या वाक्यात मला दुष्टपणा दिसत नाही. हिंदीत उसना घेतलेला सदरा अंगाला बसला नाही.

दुसरं, एप्रिल 2013. दुष्काळ, इंदापूर तालुक्यातली सभा, अजितदादांचं धरणाचं वाक्य. ते इथे लिहीत नाही, बायका-मुलं आहेत. तिथे जीभ घसरली नव्हती, अगदी सरळ चालली होती. माफी मागून कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी ते दिवसभर उपाशी बसले, हेही खरं. पण व्यंगचित्रकाराने हात चालवावा तो अशा ठिकाणी. र ला ट लावून बोलणाऱ्यावर नाही.

नाईक : अमेरिकेच्या धाकट्या बुशचं काय मग. अंडरएस्टिमेटेड सोडून मिसअंडरएस्टिमेटेड म्हणाला ते. 2000 सालचं. त्याची तर पुस्तकं निघाली

देसाई : त्याला मी शिकवणीची फी लावली असती. पण पुढे त्याने स्वतःच त्यावर विनोद केले, त्यामुळे व्यंगचित्रकारांच्या हातची निम्मी गंमत गेली. नेहरू तर व्यंगचित्रकार शंकरना सांगायचे, मला सोडू नका. त्यांच्यावर चित्रं काढून काढून शंकर्स वीकली 1948 पासून चाललं आणि आणीबाणीत, 1975 ला, बंद झालं.

माझीही एक सांगतो, झाकून कशाला ठेवू. आमच्याकडे रात्री साडेनऊला शिपाई चित्र घेऊन यायचा. शाई ओली असायची, पंख्याखाली धरायला लागायची. मग कॅमेरा, मग जस्ताचा ब्लॉक. खालची ओळ कंपोझिंगहून वेगळी यायची, ती लावायची माझ्याकडे. एकदा एका मंत्र्याच्या उच्चारांवर चित्र होतं आणि खालच्या ओळीत आमचीच काना-मात्रेची चूक. मी वाचली नाही, कारण मी हसत होतो. दुसऱ्या दिवशी टपालाचा गठ्ठा. मंत्री बाजूला राहिला, वाचक आम्हालाच शुद्धलेखन शिकवत होते.

साळवी वहिनी : ओंकार विचारतोय, जस्ताचा ब्लॉक तुमच्याकडे आहे का एखादा?

देसाई : आहे. पेपरवेट म्हणून वापरतो. उद्या ये म्हणावं बघायला.

मोहिते : सगळे विद्वान बोलून झाले असतील तर मी बोलू? त्या चित्रात सोफ्यावर डावीकडून दुसरा, वेफर खाणारा, टक्कल आणि चौकड्यांचा शर्ट, तो मी आहे. लिफ्टमध्ये तीन जणांनी मला नमस्कार करून "भावपूर्ण" म्हटलं. तुम्ही सेक्रेटरींवरची टिंगल समजताय, ते तर कोपऱ्यात आहेत. चित्र आमच्यावर आहे.

नाईक : मी म्हटलं नव्हतं हां. मी फक्त नमस्कार केला

पाटील बाई : मोहिते, आता कळलं. पण चित्र तुमच्यावर आहे म्हणूनच ते चांगलं आहे हो. कागदांच्या घोळाला हसून आम्ही घरी आलो असतो. 67 घरांतून कोणी फिरकलं नाही, लीकेजचं चौदा लाखांचं काम 17 जणांनी मंजूर केलं, हे त्या घोळातून पोरानेच बरोबर धरलं. सेक्रेटरी चुकून खरं बोलले.

मोहिते : मान्य. पण मी घरी सोफ्यावर नव्हतो! मी सभेला यायला निघून गायमुखच्या घाटात दोन तास दहा मिनिटं अडकलो होतो. एक ट्रेलर आडवा. पाणी नाही, वेफर तर नाहीच. वैतागून घरी आलो तर सभा संपलेली. आणि बोर्डावर मी रिमोटवाल्याशेजारी हार घालून. परकार क्लिप कापल्याचं बोलले ना? माझी पण कापली आहे.

थोडा वेळ कोणीच काही लिहिलं नाही.

देसाई : मोहिते, हे तुमचं बरोबर आहे. माझा मघाचा सगळा निबंध तुमच्या बाबतीत फुकट.

परकार : घाटात दोन तास म्हणजे श्रद्धांजलीच की.

सेक्रेटरी (बी-101) : नमस्कार. सगळं वाचलं. चित्र मी काढलं. म्हणजे उतरवलं. झेरॉक्सला दिलं आहे. पुढच्या विशेष सभेच्या नोटिशीच्या मागच्या बाजूला छापणार. गेल्या तीन नोटिसा कोणी वाचल्या नाहीत, हे चित्र इस्त्रीवाल्याने पण पाहिलं. मूळ प्रत उद्या परत लावतो. माझी एकच हरकत : मी अंगठ्याएवढा नाही.

दुसरं, उद्या टाकी धुणार आहेत, त्यामुळे सकाळी 7 ते 10 पाणी बंद चालू राहील.

नाईक : सर बंद की चालू

सेक्रेटरी : बंद. बंद. बंद.

साळवी वहिनी : थांबा, ओंकारला फोन देते.

ओंकार (आईच्या फोनवरून) : सॉरी मोहिते काका. मला माहीत नव्हतं. झेरॉक्सच्या आधी बदलतो. तुम्हाला सोफ्यावरून काढून गाडीत बसवतो, पुढे ट्रेलर आडवा. हार गळ्यात ठेवू की समोरच्या आरशाला लावू?

मोहिते : गळ्यातच ठेव. आरशाला लावला तर ट्रकवाला वाटेन. आणि टक्कल एवढं नाहीये, बघून काढ.

ओंकार : बरं काका. गाडी कुठली? काळी दाखवली तर शाईने पटकन भरता येईल.

मोहिते : काळी नको, खरी काढ. पांढरी आहे.

गोखले काकू : एमएच 04?